कोळशाने लिहिलेली भिंत

आमच्या किनाऱ्यावर कोणी टेप घेऊन उतरला की बाया आधी कोंबड्या आत घेतात, मग पोरं. चोराला आम्ही एवढं भीत नाही. चोर नेतो ते उचलून नेतो, दिसतं तरी. मोजणारा माणूस काही उचलत नाही, नुसतं लिहून नेतो, आणि चार वर्षांनी जागा सोडायचा कागद येतो. खुंटी आधी येते, कागद मागून, आणि माणूस सगळ्यात शेवटी हलतो. हे मला माझ्या बापाने सांगितलं. त्याने शाळेचं दार पाहिलं नव्हतं. मी तिसरीपर्यंत गेलो, म्हणून माझा संशय थोडा शिकलेला आहे.

तर असला एक मोजणारा माणूस चार वर्षं माझ्याच वखारीत बसला, आणि मीच त्याला बसू दिला.

तो बोईसरहून यायचा, साडेचारच्या एसटीने. तिकडे कुठल्याशा कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून तो रिटायर झाला होता. मूळचा घाटावरचा. उंच, मानेत वाकलेला, शर्टाच्या दोन्ही खिशांत काहीतरी खुळखुळणारं. हातात बारा महिने काळी छत्री. ती पावसासाठी नव्हती. तिच्या दांड्यावर त्याने चाकूने इंचाइंचाला खुणा पाडल्या होत्या. चालता चालता थांबायचा आणि छत्री आडवी लावायचा. विहिरीचा कठडा मोजला, देवळाची पायरी मोजली, बंदरावर झोपलेला कुत्रा मोजला. कुत्रा मोजून त्याने वहीत लिहिला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता सांगा, कुत्र्याचा कोणी सातबारा काढतो?

एसटीचे कंडक्टरसुद्धा त्याला टरकून असायचे. गाडी किती मिनिटं उशिरा आली ते तो रोज लिहायचा. त्यांना वाटायचं, डेपोचा माणूस आहे. एकदा एका कंडक्टरने हात जोडले, "साहेब, आज फाटक बंद होतं, ते पण लिवा."

हा म्हणाला, "फाटकाचा वेगळा रकाना आहे."

त्याला आणलं शाळेच्या बाईंनी. मला गावात तांडेल म्हणतात. नाव चालवतो, नावेवरच्या सगळ्यांचा जीव ज्याच्या शब्दावर असतो, तो तांडेल. चाळीस वर्षं मी ते काम केलं. नाव आता नाही, नाव गेली तरी शब्द राहिला. तर बाई म्हणाल्या, "तांडेल, तुमची जाळ्यांची वखार रिकामीच पडली आहे. शाळा सुटल्यावर सहावी ते आठवीची मुलं दोन तास बसतील. हे सर त्यांना विज्ञान शिकवतील, हाताने करून."

"मग शाळेत काय पायाने शिकवतात?" मी विचारलं.

बाई हसल्या. तो हसला नाही. भिंतीला बोट घासून चुना किती निघतो ते बघत होता.

"आणि घेनार काय पोरांकडनं?"

"काही नाही. फुकट."

फुकट म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. दर्यासुद्धा फुकट देत नाही, कधी ना कधी माणूस मागून घेतो. मी सरळ त्यालाच विचारलं, "मास्तर, यात तुमचं काय?"

त्याने बोटावरचा चुना झटकला. मग म्हणाला, "अजून मोजलं नाही."

असं उत्तर देणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवील? पण वखार दिली. माझ्याकडे काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं गावात कोणी सांगू नये. भाडं मात्र घेतलं नाही. भाडं घेतलं की माणूस भाडेकरू होतो, मग उठत नाही.

वखारीत त्याने फळा लावला नाही. मागची चुन्याची भिंत मागितली. मी म्हटलं, भिंत काय घेऊन जाणार? तो म्हणाला, "लिहायची आहे." कोळशाचे तुकडे पोरांच्या हातात दिले आणि एक कायदा सांगितला. कुठलीही गोष्ट करून बघण्याआधी काय होईल त्याचा अंदाज भिंतीवर लिहायचा, खाली आपलं नाव. मग करून बघायचं. अंदाज चुकला तरी पुसायचा नाही. कधीच नाही.

तोही लिहायचा स्वतःचा अंदाज, पण सगळ्यात खाली, जमिनीलगत, मुंगीएवढ्या अक्षरात. पोरांनी बघून उतरवू नये म्हणून. आणि मनात एक, भिंतीवर दुसरं, हे त्याला चालायचं नाही. एका पोराने शेजारणीचं बघून लिहिलं, तर त्याला म्हणाला, "हा तुझा अंदाज नाही. आजच्या दिवस तू बाहेर बसून विचार कर, तुला खरंच काय वाटतं." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, पोरगं रडलं तरी नसतं.

मला हे पटलं नव्हतं. पोरांच्या चुका त्यांच्या नावासकट भिंतीवर ठेवायच्या? आणि भिंत कोणाची, तर माझी. उद्या कोणी आलं तर म्हणणार, तांडेलाच्या वखारीत गावातली सगळी बिनडोक पोरं लिहून ठेवलीयत.

म्हणून मी रोज खिडकीशी जाऊन उभा राहायचो. आत काय चालतं ते बघायला. कपडे टांगायच्या हँगरचा तराजू केलेला. एका बाजूला ओला बोंबील, दुसऱ्या बाजूला सुके बोंबील एकेक करून ठेवायचे. किती सुके ठेवले की काटा सरळ होईल? भिंतीवर लिहिलेलं, दोन, तीन, दोन, चार. मी खिडकीतून मनात म्हटलं, अरे बोंबील म्हणजे नुसतं पाणी, हाडापुरतं मांस. दोनाचं काम नाही हे. तीन झाले, चार झाले, काटा हलेना. पोरं कोळ्यांची, जन्मापासून बोंबलाच्या वासात, आणि आ वासून बघत होती. हेच त्यांच्या आया रोज वाळत घालतात.

आमच्या सुनेने पहिल्या आठवड्यात त्याला चहा नेऊन दिला. त्याने तो दोन कपांत ओतला, एकावर बशी झाकली आणि दोन्हींत काचेची नळी बुडवून पोरांना वेळ लिहायला लावली. पाऊण तास. मग गार चहा पिऊन कप परत दिले. सून घरी येऊन म्हणाली, "माझ्या चायला काय ताप आलाय, थरमामीटर लावतात ते?" दुसऱ्या दिवसापासून चहा बंद.

त्याचं एक वाक्य होतं, ते पोरांच्या तोंडी बसलं. ते मी पहिल्यांदा ऐकलं मासळीबाजारात. आमच्या पारूबाय मांदेलीचे वाटे घालून बसल्या होत्या. हा आला, खिशातून स्प्रिंगचा काटा काढला आणि त्यांच्याच पिशवीत एकेक वाटा घालून वजन करायला लागला.

पारूबायने कोयता आपटला. "काय रे घाट्या, पन्नास वरसं या हाताने वाटे घालते मी. माझ्या हातावर इस्वास नाय तुजा?"

"आहे ना मावशी. हात बरोबरच आहे. किती बरोबर आहे, ते बघतोय."

"बरोबर म्हंजे बरोबर! त्यात किती कसलं?"

त्याने सहा वाटे मोजले. वर बघून म्हणाला, "मावशी, एका मांदेलीचा फरक. सहा वाट्यांत मिळून."

पारूबायने कोयता खाली ठेवला. मग बाजूच्या बाईला म्हणाल्या, "लिवून घे गं. उद्या माजा नवरा बोलला तर दाखवीन." आणि त्याला दोन मांदेल्या वर घातल्या. तो त्याही मोजून घेऊन गेला.

बाजार हसला. मला हसू आलं नाही. 'किती बरोबर' म्हणजे काय? बरोबर माणसाला हा प्रश्न विचारायचा, म्हणजे तो चूक आहे असंच म्हणायचं ना, फक्त गोड करून?

एकदा तो पोरांना घेऊन बंदरावर गेला होता आणि त्याची पिशवी वखारीत राहिली होती. मी बघितली. वखार माझी, तिच्यात काय ठेवलंय ते बघायचा मला हक्क आहे. लोहचुंबक, उडालेले बल्ब, फुगे, भिंग, एक गंजलेला खिळा कागदात गुंडाळून वर तारीख टाकलेला. आणि वही. मला वाचायला वेळ लागतो, पण आकडे मी सोडत नाही. एका पानावर वरती 'तांडेल' लिहिलं होतं. खाली: 'रोज चार पन्नासला खिडकीशी येतात. साधारण अकरा मिनिटं थांबतात. बोंबलाच्या दिवशी सदतीस.'

माझं डोकं सणकलं. मी त्याच्यावर पाळत ठेवतोय तर तो माझ्यावर! खाली आणखी एक ओळ होती. 'दोरीची गाठ: त्यांच्या वडिलांची. गावात दुसरं कोणी मारत नाही.' तेव्हा आठवलं. महिनाभरापूर्वी त्याने वखारीचं दार बांधलेली माझी गाठ हातात धरून विचारलं होतं, ही कुठली? मी अभिमानाने सांगून बसलो. तेही लिहून घेतलं.

त्याच दिवसांत माझी नात, हर्षाली, सातवीत, मला विचारायला लागली. "आजा, भरती कधी येते ते तू घड्याळ नसताना कसं सांगतोस?"

हा आमचा घरचा हिशोब आहे. पुनव-अवसेला भरती बाराला. मग जितकी तिथी, तितके पाऊण तास पुढे. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. बापाने मला दिला, मी नावेवर वापरला. आता पोरं मोबाईलात बघतात. मी सांगितलं तिला. तिने वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आजा, हे कधी चुकलं होतं काय?"

"तुजा आजा चुकला असता तर तुजा बाप जन्मलाच नसता," मी म्हटलं. "कोण विचारतंय हे? तू का तो मास्तर?"

"मीच," ती म्हणाली आणि पळाली. पळणारं माणूस खोटं बोलतं, हे तर लहान पोराला पण कळतं.

मग एका रविवारी, पुनवेला, खाडीच्या तोंडाशी चिखलात खुंट्या उभ्या राहिल्या. बारा. बांबूच्या, सरळ ओळीत, कमरेएवढ्या. आणि रंगवलेल्या, लाल पट्टा, पांढरा पट्टा, लाल, पांढरा. वर आकडे.

असले लाल-पांढरे बांबू मी याआधी एकदाच पाहिले होते, मोजणीवाल्यांकडे. आता सगळं जुळलं. शाळा, पोरं, फुकट, बोंबील, ही सगळी जाळी. मासा होता किनारा. आणि पोरांच्या हातून खुंट्या रोवल्या की गावातलं कोणी ओरडणार नाही, कारण पोरं आपलीच.

मी गावाला विचारलं नाही. तांडेल विचारत बसत नाही. मंगळवारी सकाळी पोरं शाळेत, बाया बाजारात, ओहोटी लागलेली. मी चिखलात उतरलो आणि बाराच्या बारा खुंट्या उपटल्या. नीट रोवल्याही नव्हत्या, चार तिरक्या, खाली दगड नाही. पाण्यात सोडून दिल्या असत्या, पण चांगला बांबू दर्यात सोडला तर कोणाच्यातरी जाळ्यात घुसून जाळं फाडतो. तांडेल मेला तरी ते करणार नाही. मोळी बांधली आणि वखारीमागे ताडाच्या बुंध्याशी ठेवली.

संध्याकाळी खिडकीशी गेलो. पोरांना मोळी सापडली होती, ती आत आणून ठेवली होती. मास्तर खाली बसून भिंगातून दोरी बघत होता. बराच वेळ बघितली. उठला, मोळी कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खुंट्या कोणी काढल्या?'

मला वाटलं, आता हा विचारणार, चौकशी करणार, पंचायतीत जाणार. मी तयार होतो. पण नाही. त्याने कोळसा पोरांना दिला. एकाने लिहिलं, उधाण. एकाने, गाई. एकाने, सर्वेवाले. एका दीडशहाण्याने भूत लिहिलं, पण चोरून मास्तरकडे बघत. मग हर्षाली उठली. नाव लिहिलं. या वेळी आधीच, 'हर्षाली', आणि पुढे दोन टिंबं. कोळसा भिंतीला टेकवून उभी राहिली. मग कोळसा खाली ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

नाव लिहिलेलं, पुढे कोरं.

जो मास्तर मनातलं लिहिलं नाही म्हणून पोराला बाहेर बसवायचा, त्याने तिला तसंच बसू दिलं. सगळ्यांच्या शेवटी जमिनीलगत उकिडवा बसून त्याने आपलं लिहिलं. काय लिहिलं ते खिडकीतून दिसत नव्हतं.

मग माझी नजर वर गेली. त्याच भिंतीवर, दोन दिवसांपूर्वीच्या तारखेखाली, तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी एकेक अक्षर लावलं. 'माझ्या आज्याचा भरतीचा हिशोब मिनिटाला बरोबर निघेल. हर्षाली.' आणि बाजूला, 'पालघरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी.'

खुंट्या किनारा मोजायला नव्हत्या. मला मोजायला होत्या. आणि मी त्या माझ्या हाताने उपटल्या होत्या.

घरी जेवायला बसलो तर ताटाशेजारी तिने एक दोरीचा तुकडा ठेवला. मधे गाठ, दोन्ही बाजूंनी कापलेला.

मी भडकलो. "दोरी कापली कोणी? गाठ सोडायची शिकवली होती ना तुला? सोडता येत नाय, सरळ कोयता चालवायचा?"

"सोडली असती तर गाठ गेली असती," ती म्हणाली. "मग तुजीच हाय ना ही?"

सुनेने पदर तोंडाला लावला. मी भात कालवत राहिलो. शेवटी म्हटलं, "खुंट्या तिरक्या होत्या. कोणी रोवल्या होत्या? भरतीने तशाही गेल्या असत्या."

"मग तू रोव."

"मी कशाला रोवू?"

"माजं नाव हाय भिंतीवर, आजा. दुसऱ्या सोमवारी पालघर. तुज्या हिशोबावर मी नाव लिवलंय, आणि आता मोजायला काय नाय."

माफी मी मागितली नाही. आजपर्यंत कोणाची मागितली नाही. पण बुधवारी सकाळी ओहोटीला मी चिखलात होतो. प्रत्येक खुंटीखाली दगड, बाजूला शंखांचा चुरा ठोकून, हात लावला तर हलणार नाही अशा बारा. संध्याकाळी मास्तर आला. छत्रीने दोन खुंट्यांमधलं अंतर मोजलं, एकेक हलवून पाहिली. मला वाटलं, आता विचारेल.

"तांडेल," तो म्हणाला, "अंदाज लिहिणार का तुम्हीही?" आणि कोळसा पुढे केला.

"मी अंदाज नाय लिवत. मला म्हाईत हाय."

"ठीक," तो म्हणाला आणि कोळसा खिशात ठेवला.

षष्ठीची भरती साडेचारला, माझ्या हिशोबाने. शनिवार होता, पोरं जेवून पळत आली, मास्तर दुपारच्याच गाडीने आला होता. पाणी चढत होतं, दर पाच मिनिटांनी एक पोरगी खुंटीला दोरा बांधत होती. पाणी वरच्या दोऱ्याला टेकून थांबलं तेव्हा मास्तरच्या घड्याळात चार पस्तीस. पाच मिनिटं. हर्षाली उड्या मारायला लागली. मी नुसती टोपी सारखी केली.

सप्तमीला सव्वापाच हवे होते. साडेपाच झाले. मी म्हटलं, वारा आहे.

अष्टमीला सहा. किनाऱ्यावर अर्धा गाव जमला होता. पारूबाय टोपली घेऊन आल्या होत्या, "बघू तांडेलाचा वाटा किती बरोबर!" सूर्य पाण्यात गेला. सहा वाजले, पाणी चढतंच होतं. सव्वासहा. चढतंच होतं. साडेसहाला पोरांनी बॅटरी लावली. हर्षालीच्या हातात वही, आणि ती पाण्याकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत होती.

सहा चाळीसला पाणी थांबलं.

"मास्तर, तुमचं घड्याळ बिघडलंय," मी म्हटलं.

त्याने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. एका पोराने मोबाईल पुढे केला. तिथेही सहा चाळीस.

हर्षाली माझ्याजवळ आली. हळू बोलली, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. "आजा, काय लिवू?"

तिने सहा लिहिले असते तर पालघरला कोणाला कळलं असतं? मी मास्तरकडे बघितलं. तो पाठ फिरवून खाडीकडे बघत उभा होता, छत्री काखेत. मला शंका आली की तो मुद्दाम पाठ फिरवून उभा आहे. ऐकू न आल्यासारखा.

"पाणी बोलतंय ते लिव," मी म्हटलं.

तिने लिहिलं. मग तो वळला. "तांडेल, एक विचारू? अष्टमीची भरती तुम्ही याआधी कधी बघितली होती?"

"अष्टमीला कोण जातंय दर्यावर!" मी ओरडलो. "भांग असतो! पाण्याला ओढ नसते, जाळं नुसतं लोंबतं. अष्टमीला नावा बंदरात आणि तांडेल..."



मी नाही, माझा बाप नाही, त्याचा बाप नाही. भांगाच्या दिवसांत आम्ही सगळे घरात जाळी शिवत बसलेलो. ज्या दिवशी हिशोब चुकतो त्याच दिवशी बघायला दर्यावर कोणी नव्हतं. आणि शाळा सुटल्यावरची भरती म्हणजे नेमकी भांगाचीच भरती. पोरांना मोकळा वेळ मिळाला तो आमच्या सुट्टीचा.

"म्हंजे कोणी बघितलंच नाय?" हर्षाली म्हणाली.

"घरातून सहा वाजवले आपण," पारूबाय म्हणाल्या. "एवढी वरसं."

मास्तरने एकच शब्द उच्चारला, "सुंदर." चार वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी तेवढ्या एकदाच ऐकला. तो कोणाला म्हणाला ते कळलं नाही. बहुतेक पाण्याला.

पालघरला मी गेलो, बाहेरच्या पायरीवर बसलो, आतलं ऐकू येईल असा. हर्षालीने पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'माझ्या आज्याचा हिशोब: किती बरोबर?' परीक्षक म्हणाले, "म्हणजे तुझ्या आजोबांचं चुकीचं आहे." ती म्हणाली, "चुकीचं नाय सर. भांगाला चाळीस मिनिटं उशीर. आणि ती चाळीस मिनिटं कोणाला का दिसली नाय, ते खाली लिवलंय." पहिला नंबर धूर सोडणाऱ्या ज्वालामुखीला मिळाला. पालघर तालुक्यात ज्वालामुखी कुठे आहे, तो मला कोणीतरी दाखवावा.

त्यानंतर दोन वर्षं तो येत होता. मी खिडकीशी जात होतो. वहीत माझी मिनिटं वाढली असणार, बघितली नाहीत. त्याच्या घरी कोण, हे एकदा विचारलं. "मांजर," म्हणाला. "दर रविवारी वजन करतो." त्याला यातून काय मिळायचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. गेल्या पावसाआधी त्याचे गुडघे गेले, भाची येऊन घाटावर घेऊन गेली. निघताना छत्री हर्षालीला देऊन गेला. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. खुंट्यांचं त्याने मला कधीच विचारलं नाही. न विचारणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

आता शाळेच्या नव्या बाई पोरांना घेऊन बसतात. परवा म्हणाल्या, "आजोबा, भिंत फार काळी झाली आहे. चुना मारूया?" मी म्हटलं, थांबा, आधी बघतो. चष्मा लावला, बॅटरी घेतली आणि खोकी बाजूला सारून जमिनीवर बसलो. खालची त्याची मुंगीएवढी अक्षरं एकेक लावत गेलो. बोंबील: पाच. झाकलेला चहा: अठरा मिनिटं जास्त. बरेच चुकलेले, खाली बारीक सही.

मग 'खुंट्या कोणी काढल्या?' त्याच्या सरळ खाली, जमिनीपासून वीतभर. 'समुद्र.' आणि सही.

मी बराच वेळ तिथे बसलो. बाईंना वाटलं, मला उठता येत नाही. त्यांनी हात दिला, मी तो घेतला नाही. पोरांच्या डब्यातला कोळसा मागितला आणि भिंतीवर त्याच प्रश्नाखाली, हर्षालीच्या दोन टिंबांपुढे जी जागा कोरी होती, तिच्यात माझं नाव लिहिलं. तिसरीतलं अक्षर, पण मोठं. उभं राहून वाचता येईल असं. बाईंना सांगितलं, चुना तीन भिंतींना मारा.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. दर्या खुंट्या उपटतो, कबूल. पण बारा खुंट्यांची मोळी बांधून वर माझ्या बापाची गाठ मारतो, असं त्या माणसाला खरंच वाटलं होतं? ज्याने भिंगातून ती गाठ बघितली, ज्याच्या वहीत ती लिहिलेली होती, त्याला?

माझा नाही विश्वास.